ट्रॅक्टरचा स्विच, फियाटचा क्लच

केळापूर,
२६ ऑगस्ट २०२४

किसनभाऊजींना वहिनीचा नमस्कार.

फोन न करता कागद घेऊन बसले आहे. फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला "हो हो, बरोबर" म्हणता, आणि मागच्या खेपेला मी तुम्हाला रागवत होते, तरी ऐकू न येता तेच म्हणालात. कागदावरचं तरी तुम्हाला वाचावंच लागेल.

बातमी अशी, की आपली फियाट भीमसिंगच्या गोठ्यात जाऊन आली. तुमचे दादा होते तेव्हाची त्यांची सकाळची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. अंगणाला उतार आणि हँडब्रेक नावापुरता, म्हणून रात्री गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची. सकाळी बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घालायचा, आधी गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायचा, मग किल्ली फिरवायची, आणि इंजिन गरम होईस्तोवर बाजूला उभं राहून चहा प्यायचा. परवा मी तसंच केलं, फक्त दांडा आणायचा राहिला. गाडीनं उडी मारली आणि अंगणाचं फाटक ढकलून समोरच्या भीमसिंगच्या गोठ्याचं तुराट्यांचं कूड फोडून आत गेली. कुणाला काही लागलं नाही. एक शेळी बॉनेटवर चढली आणि उतरायला तयार होईना, एवढंच.

भीमसिंगच्या सुनेनं त्या शेळीचा व्हिडिओ मोबाईलच्या स्टेटसला लावला. तो संध्याकाळपर्यंत पुण्यात पोहोचला. तुमच्या पुतण्यानं लगेच फोन केला. इंद्रजितचं म्हणणं असं, की नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर लागतच नाही. तसा स्विच या गाडीला बसव. नाहीतर दिवाळीला येतो, गाडी विकतो आणि तुला सोबत घेऊन जातो. परदेशातून मागवायच्या कुठल्याशा किटचा फोटोही त्यानं पाठवला. किंमत बघून मी मोबाईल उलटा ठेवला.

भाऊजी, मी थट्टेत लिहिते आहे, पण मला झोप नाही. गाडी आहे म्हणून मी रोज शेतावर जाते, पांढरकवड्याला बाजार करते, कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसायची वेळ येत नाही. गाडी गेली की मी इंद्रजितच्या सातव्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसेन. तुमचं एवढं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. काहीतरी स्वस्तातलं शोधा.

वच्छलावहिनी

•

उमरखेड,
२ सप्टेंबर

वहिनींच्या पायांवर डोकं ठेवून, पण फियाटच्या समोर उभं न राहता, नमस्कार.

तुमचं पत्र ममतेनं दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाचलं. सून आहे, सासऱ्याला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं वाचते. शेळीपर्यंत आल्यावर एक गिऱ्हाईक फिल्टर घ्यायचा विसरून गेलं. तिला आमचा नमस्कार सांगा. शेळीला.

आता कामाचं. आपल्या गाडीला असा स्विच कंपनीनं दिलाच नव्हता, त्यामुळे "त्या मॉडेलचा" शोधत बसलात तर दिवाळी काय, होळी येईल. पण हल्लीच्या ट्रॅक्टरांना क्लचचा स्विच असतो. छोटी डबी, दोन तारा, टोकाला एक बटण. बटण दाबलं गेलं की करंट जातो, नाहीतर स्टार्टर मुका. ट्रॅक्टरसाठी येतो म्हणून किंमत ट्रॅक्टरवाल्याला परवडेल अशी. तुमच्याकडून मी तेवढेही घेणार नाही, तुमच्या हातच्या तिळाच्या चटणीवर भागेल.

सोबत एस.टी.च्या पार्सलनं एक पाठवतो आहे. पांढरकवड्याच्या आमिरकडून बसवून घ्या. त्याला म्हणावं, ब्रेकच्या दिव्याचा स्विच जसा पेडलच्या वरच्या अंगाला बसतो, तसाच हा क्लचच्या वर बसव. पाच मिनिटांचं काम.

दिवाळीला इंद्रजित आला की त्याला म्हणावं, काका अजून जिवंत आहे.

किसन

•

केळापूर,
१२ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचा स्विच अगदी तुमच्यावर गेला आहे. जे सांगावं त्याच्या उलट करतो. क्लच दाबून किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. पाय काढला की लगेच सुरू. म्हणजे जी चूक मी आयुष्यात एकदा केली, ती तुमच्या स्विचमुळे रोज करावी लागेल.

आमिर पेडलखाली डोकं घालून, उताणा झोपून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "काकू, हे तं उलटंच काम करून राह्यलं. पेडल वर असलं का बटण आपोआप दाबून राह्यते. दाबलं का सुटते." मी म्हटलं, "अरे, ज्यानं सांगितलं त्याचं जन्मभर दुकान आहे." तो म्हणाला, "दुकान असन, पण त्यायनं सांगतानी ट्रॅक्टर पाह्यला नसन."

भीमसिंगनं कूड नवं बांधलं आणि शेळी घराच्या मागच्या अंगाला हलवली. विश्वास असा राहिला नाही कुणाचा. इंद्रजित दर रविवारी विचारतो, "स्विचचं काय झालं?" मी म्हणते, "काका बघत आहेत." तो मग गप्प बसतो. त्याच्या त्या गप्प बसण्यात पुण्याचं तिकीट असतं.

वच्छला

•

उमरखेड,
१७ सप्टेंबर

वहिनी,

आमिरला माझा सलाम. चूक माझीच. ब्रेकचा स्विच पेडल दाबून बटण सुटलं की काम करतो, म्हणून तो वर बसतो. ट्रॅक्टरचा स्विच पेडल पार खाली गेलं की दाबला जातो, म्हणून तो खाली हवा. जन्मभर हे स्विच विकले, बसवायचं काम दुसऱ्यांनी केलं, त्याचा हा परिणाम. ममता हसून हसून गल्ल्यावर पडली.

सोबत पत्र्याची पट्टी वाकवून पाठवतो आहे. ती क्लचच्या पेडलच्या खाली बसवायची, पेडल जिथं शेवटी टेकतं तिथं. स्विच तिच्यावर. क्लच पुरा दाबला तरच बटण दाबलं जाईल. आमिरला ही पट्टी दाखवा, माझी अक्कल दाखवू नका.

किसन

•

केळापूर,
२५ सप्टेंबर

भाऊजी,

आमिरनं पट्टी बसवली, स्विच बसवला, स्वतः बसून दाबून बघितलं. झकास. बिनक्लचची गाडी हूं की चूं करत नाही, क्लच दाबला की सुरू. मी त्याला चहा दिला, वर चिवडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले, क्लच दाबला, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा. काही नाही. आमिरला बोलावलं. तो आला, बसला, दाबलं, सुरू. तो गेला, मी बसले, बंद. भीमसिंगची सून दारातून बघत होती. ती म्हणाली, "काकी, तुमच्यावर रुसली वाटते गाडी."

माल खराब आहे. परत पाठवते आहे. दुकानदारानं घरच्या माणसाला तरी चांगला माल द्यावा. त्या दिवशी शेतावर भीमसिंगच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. पुन्हा तसं जायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

वच्छला

•

उमरखेड,
३० सप्टेंबर

वहिनी,

तुमचा खराब माल मिळाला. काउंटरवर बॅटरी लावून दिवसभर दाबत बसलो. दर वेळी चालतो. गिऱ्हाइकांनी दाबला, ममतेनं दाबला, चहावाल्यानं दाबला. माणूस बघून काम करणारा स्विच मी आजवर पाहिला नव्हता. तरी तुमच्या समाधानासाठी नवा कोरा पाठवतो आहे. त्याला आधी तुमची ओळख करून दिली आहे, माणूस तिखट आहे, सांभाळून राहा म्हणून.

नवरात्र बसतंच आहे. तुम्ही दर वर्षी पायी जगदंबेच्या देवळात जाता, तेव्हा माझ्या नावानं एक नारळ फोडा. माझ्या कानांसाठी काही मागू नका, त्यांचं चाललं आहे तसंच बरं आहे. दुकानात अर्ध्या तक्रारी ऐकूच येत नाहीत.

किसन

•

केळापूर,
९ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचा नवा कोराही पहिल्यासारखाच निघाला. तेव्हा मी तुमचा नाद सोडला आणि माझा मीच मार्ग काढला. आमिरच्या गॅरेजमागं भंगारात एक छोटा टेम्पो उभा आहे. त्याच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच काढायला लावला आणि तो वर, तुम्ही पहिल्यांदा सांगितला होता त्या जागी बसवला. आमिर नको नको म्हणत होता, "काकू, एकदा भाऊसायबाले विचारा." मी म्हटलं, "भाऊसाहेबांना ऐकू येत नाही." आता क्लचला पाय लावला, की गाडी सुरू. फक्त लावायचा. बाहेरून किल्ली फिरवली तर बंद. झालं की नाही काम? आणि तुमच्या दुकानापेक्षा स्वस्त. चटणी मी स्वतःच खाते आहे.

इंद्रजितला कळवून टाकलं. तो म्हणाला, "दिवाळीत बघतो." बघू दे.

तुमचा नारळ भीमसिंगच्या सुनेच्या हाती पाठवला. मी या वर्षी गेले नाही, गर्दी फार असते. दुसरा गिअर हल्ली टाकताना करकरतो, त्याच्यासाठी काही पार्ट असला तर बघा.

वच्छला

•

उमरखेड,
१४ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र ममतेला न दाखवता लिहितो आहे, म्हणजे तुम्हीही ते कुणाला दाखवायला नको.

तो टेम्पोचा स्विच आजच्या आज काढा. ब्रेकचा दिवा पाय लागताच पेटायला हवा, म्हणून तो स्विच नुसत्या स्पर्शानं जागा होतो. क्लचचं तसं नाही. पाय नुसता लावला आणि गाडी गिअरमध्ये असली, तर ती उडी मारेलच. म्हणजे तुम्ही पहारेकरी ठेवला आणि त्याला झोपायची खोली करून दिली. आमिर बरोबर सांगत होता.

आता दुसरं. मला ऐकू कमी येतं, पण वाचता येतं. दोन स्विच आमिरच्या पायानं चालले, तुमच्या पायानं नाही. नुसत्या स्पर्शानं चालणारा आला तो मात्र तुम्हाला लगेच पसंत पडला. दुसरा गिअर करकरतो, तो क्लच पुरा न दाबता टाकला की करकरतो, त्याला पार्ट लागत नाही. जगदंबेला तुम्ही भर गर्दीत माणसं बाजूला सारत जाणाऱ्या. आणि बाहेरून गाडी सुरू करायची सवय दादांची. ते गेल्यावर तुम्ही नेहमी आत बसून सुरू करत होतात, मी स्वतः बघितलं आहे. मग ऑगस्टात बाहेर का उभ्या होतात? फाटक उघडायला पुन्हा उतरावं लागतं, ते एक उठणं-बसणं वाचवायला.

वहिनी, डावा गुडघा कधीपासून दुखतो?

पट्टी वर सरकवून देणार नाही, मागूही नका. पण दोन गोष्टी करा. एक, यवतमाळच्या डॉक्टरला दाखवा. दुसरी, ड्रायव्हरची सीट पुढं घ्या. दादा साडेपाच फुटांच्या वर, तुम्ही त्यांच्या खांद्याला. सीट अजून त्यांच्याच मापावर आहे, हे मी गेल्या वर्षीच्या पोळ्याला बसलो तेव्हाच बघितलं होतं. पाठीमागं उशी घेऊन, टोकावर बसून तुम्ही गाडी चालवता. त्या बसण्यानं क्लच पुरा जाणार कसा? सीट पुढं घेतली तर दादा रागावणार नाहीत.

तुम्ही गुडघा दाखवा, मी कानात यंत्र घालतो. गेल्या वर्षीपासून कपाटात डबीत पडून आहे. व्यवहार बरोबरीचा आहे.

किसन

•

उमरखेड,
२१ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर नाही. राग आला असेल तर तो तरी लिहून पाठवा. पार्सलचं पोरगं आलं की ममता विचारते, "मोठ्या आईचं काई आलं का?" आणि मी ऐकू न आल्यासारखं करतो.

स्विच काढला एवढं तरी कळवा.

किसन

•

केळापूर,
२४ ऑक्टोबर

भाऊजी,

राग आला होता. तुमचं पत्र वाचून दिवसभर तुम्हाला मनातल्या मनात फार बोलले, तुम्हाला ऐकू येणार नाही असं काही काही. मग टेम्पोचा स्विच काढायला लावला, तुमचा नवा कोरा पुन्हा पट्टीवर बसवून घेतला आणि बसनं यवतमाळला गेले. तिथून आल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं.

डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, "आजी, दीड वर्ष झालं असेल ना?" मी हो म्हटलं. इतके दिवस मी कुणालाच हो म्हटलं नव्हतं. गुडघा झिजला आहे, पण ऑपरेशन सध्या नको. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, मांडी घालून बसायचं नाही. दाबायचा व्यायाम म्हटल्यावर मला हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारीला समजलं नाही.

तुमच्यापासून लपवलं ते एवढ्याचसाठी, की मला भीती वाटत होती. स्विच नाही म्हणून गाडी विकतो म्हणणाऱ्या मुलाला गुडघा कळला, तर त्याला स्विचचं निमित्तही लागणार नाही. भाऊजी, मला इथून जायचं नाही. कापूस वेचायला आला आहे, तूर फुलावर येईल. मी नसले तर ते सगळं होईल, लोक करतील, पण मग मी त्यात नसेन.

सीटचं खरं आहे. हे गेल्यापासून मी ती हलवली नाही. बसले की पाठीमागं मोकळी जागा राहायची, तिथं उशी घालायची. आमिरनं परवा सीट पुढं ओढायला घेतली तर रूळ गंजून बसले होते. तो म्हणाला, "काकू, तोडून पुढं वेल्डिंगनं पक्की करतो, मंग मागं जाणार नाई." मी घरात गेले. मशीनचा आवाज थांबल्यावर बाहेर आले आणि म्हटलं, "झालं का?" तो म्हणाला, "बसून पाहा."

बसले. उशी लागली नाही. क्लच दाबला, दुखलं, पण खाली टेकला. तुमचा खराब माल आहे ना, तो चालला.

यंत्र घातलं का?

वच्छला

•

उमरखेड,
२८ ऑक्टोबर

वहिनी,

घातलं. पहिल्यांदा ऐकू आली ती ममता, फोनवर माहेरी सांगत होती, "मामंजी मनानं चांगले हायेत, पण दुकानात कायले बसते, हे त्यायलेच मालूम." तीन दिवस यंत्र काढून ठेवलं, आज पुन्हा घातलं आहे.

इंद्रजितला गुडघ्याचं तुम्हीच सांगा. माझ्याकडून कळलं तर ते चुगली होईल. स्विच दाखवा, सीट दाखवा, टॉवेल दाखवा. मग जे व्हायचं ते होऊ द्या. मी भाऊबीज झाल्यावर येतो आहे, गरज पडली तर मध्ये आडवा पडेन.

किसन

•

केळापूर,
५ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमची आडवं पडायची हौस राहून गेली. झालं ते सांगते.

इंद्रजित लेकीला, समीक्षाला घेऊन धनत्रयोदशीला आला. आल्या आल्या त्याला गुडघ्याचं सांगितलं. जेवताना म्हणाला, "आई, स्विच ठीक हाय, पण आता हे गुडघ्याचं. एक गिऱ्हाईक पाह्यलं हाय यवतमाळचं, जुन्या गाड्यायचा शौकीन. शनिवारी येतो म्हणते." मी ताट उचलून आत गेले. रात्री गाडी अंगणात लावली, नेहमीसारखी गिअरमध्ये टाकली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. वाटलं, आता किती दिवस.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर इंद्रजित गाडीशी उभा. गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा होता. एका हातात मोबाईल, दुसरा हात खिडकीतून आत. उभं राहणं अगदी यांचं. खांदा दाराला टेकलेला, मान तशीच वर. मला आधी तेच दिसलं, आणि मग बंपरच्या पुढं समीक्षा दिसली. खाली बसून रांगोळी काढत होती. अंगणात शेणानं सारवलेली जागा तेवढीच.

त्यानं दांड्याला हात लावलाच नाही. किल्ली फिरवली.

काही झालं नाही. त्यानं पुन्हा फिरवली. म्हणाला, "आई, तुह्या स्विचनं काम सोडलं."

मी म्हटलं, "स्विच चांगला हाय. दांडा पाह्य."

त्यानं वाकून दांडा बघितला, मग मान वर करून समोर बघितलं. समीक्षा म्हणाली, "बाबा, जरा सरका ना, सावली पडते." तो सरकला. ओट्यावर येऊन बसला. मी पाय लांब करून त्याच्या शेजारी बसले. मला त्याला टोमणा मारायचा होता, भाऊजी, खरंच मारायचा होता, ऑगस्टपासून जमवून ठेवले होते. एकही निघाला नाही. मी नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग समीक्षाची रांगोळी पुरी होऊ दिली, तिला ओट्यावर बोलावलं, आणि तो आत बसायला गेला. बसता येईना. गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मागं सारायला खाली हात घातला, खटका सापडेना. म्हणाला, "हे काय केलं?"

म्हटलं, "पक्की केली. आता मागं जात नाई."

"बाबायची सीट होती ना."

"व्हय."

मग बाहेर आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "ह्या सीटवर तुह्याशिवाय कोणाचे पाय मावत नाई. चल, शेतावर जाऊ. मी बाजूले बसतो."

मी बसले. क्लच खाली टेकेपर्यंत दाबला. दुखलं. किल्ली फिरवली.

शनिवारचं गिऱ्हाईक आलं नाही, त्याला फोनवरच नाही म्हटलं. बरणीत चटणी तयार आहे, तुमची तुम्ही येऊन न्या.

वच्छला